भाताच्या कोंड्यापासून क्रोमॅटोग्रामपर्यंत

वैशाखातल्या दुपारी शेलू स्टेशनवर उतरलं की डांबराची वाफ पायांतून वर चढते. समोर माथेरानचा डोंगर धुरकट दिसतो, उल्हास नदी दगडांच्या आडून कशीबशी वाहत असते. अशा दिवशी एखाद्या शेडमध्ये कार्बन डायऑक्साइडचा भरलेला सिलिंडर उभा असेल, तर त्याच्या पोटात त्या घटकेला द्रव नसतो आणि नेहमीच्या अर्थाने वायूही नसतो. कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सियस आहे आणि क्रांतिक दाब सुमारे ७४ बार. शेलूच्या उन्हाळ्याने तापमानाची अट केव्हाच पुरी केलेली असते आणि भरलेल्या सिलिंडरातला दाब दुसरी अट पुरी करतो. आत जे उरतं ते द्रवासारखं विरघळवतं आणि वायूसारखं सळसळत पसरतं. त्यालाच सुपरक्रिटिकल फ्लुइड म्हणतात. याच पदार्थाच्या प्रवाहात वनस्पतीतली संयुगं वेगवेगळी करून मोजायची रीत म्हणजे सुपरक्रिटिकल फ्लुइड क्रोमॅटोग्राफी, प्रयोगशाळेच्या बोलीत एसएफसी.

हा लेख मी दोन तऱ्हेच्या वाचकांसाठी लिहितो आहे. पहिले म्हणजे सकाळच्या कर्जत लोकलने फाइल छातीशी धरून जाणारे रसायनशास्त्राचे आणि फार्मसीचे विद्यार्थी, ज्यांना प्रकल्पासाठी ‘एखादी औषधी वनस्पती’ घ्यायला सांगितलेली असते. दुसरे म्हणजे आपल्या भागातला कोंडा, करंजाचं तेल किंवा हळद विकणारे बचत गट आणि शेतकरी, ज्यांच्याकडे व्यापारी ‘यात नेमकं काय आहे, याचा रिपोर्ट आणा’ असं म्हणू लागले आहेत. दोघांनाही मी एकच गोष्ट समजावू पाहतो आहे: यंत्र चालू करण्याच्या आधीच निम्मा निकाल ठरून गेलेला असतो. कोंडा गिरणीतून किती वाजता उचलला, नमुना कशात विरघळवला, सिलिंडर कुठे उभा होता, अशा साध्या गोष्टींत तो ठरतो.

उदाहरण म्हणून मी भाताचा कोंडा घेतो. कर्जत तालुका भाताचा. कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र कर्जतलाच आहे आणि ‘कर्जत’ हे नाव लावलेल्या भाताच्या जाती तिथूनच शेतात आल्या. शेलूत इमारती कितीही उठल्या तरी त्यांच्या मधोमध भाताची खाचरं अजून आहेत. आणि ज्या कोंड्याला आपण म्हशीच्या घमेल्यात टाकून मोकळे होतो, त्यात ओरायझॅनॉल नावाचं मौल्यवान मिश्रण असतं. १९५४च्या सुमारास जपानी संशोधकांनी ते भाताच्या कोंड्याच्या तेलातून वेगळं काढलं, म्हणून भाताच्या ‘ओरायझा’ या शास्त्रीय नावावरून त्याला हे नाव पडलं. पुढे कळलं की हा एक पदार्थ नसून फेरुलिक आम्लाच्या अनेक एस्टरांचं कुटुंब आहे. सायक्लोआर्टेनिल फेरुलेट, २४-मिथिलिनसायक्लोआर्टॅनिल फेरुलेट, कॅम्पेस्टेरिल फेरुलेट ही त्यातली थोरली मंडळी. कच्च्या कोंडातेलात ओरायझॅनॉल साधारण १ ते २ टक्के असतं. तेलातच विरघळलेलं, पाण्याला नाखूश, आणि अतिनील प्रकाश शोषणारं असं हे संयुग एसएफसीसाठी जणू घडवलेलंच आहे.

तसं ते का, हे कळण्यापुरता इतिहास पाहू. वर्णलेखनाचा, म्हणजे क्रोमॅटोग्राफीचा जन्मच वनस्पतीच्या पानातून झाला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला वॉर्सात मिखाइल त्स्वेत याने पानांतला रंग खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पाझरवला आणि हिरवे-पिवळे पट्टे वेगळे पडलेले पाहिले. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने १८६९ साली नीट मांडला होता. पण या दोन गोष्टींची गाठ पडायला १९६२ साल उजाडलं. क्लेस्पर, कॉर्विन आणि टर्नर या तिघांनी पॉर्फिरिनं वेगळी करताना दाबाखालचे वायू क्रांतिक तापमानाच्या वर वापरले. ते वायू कार्बन डायऑक्साइड नव्हते, फ्रिऑनच्या जातीचे होते. आज कार्बन डायऑक्साइडच सर्वत्र वापरतात, कारण तो पेटत नाही, स्वस्त आहे, सौम्य तापमानाला क्रांतिक होतो, आणि अमोनियाच्या किंवा मद्यार्काच्या कारखान्यातून तो नाहीतरी बाहेर पडतच असतो. आपल्याकडे या पदार्थाचा वनस्पतींसाठी उपयोग कसा करावा, यावर पवईच्या आयआयटीतल्या ममता मुखोपाध्याय यांचं सबंध पुस्तक २०००मध्ये आलं आहे. ते अर्क काढण्याविषयी आहे, पण दाब, तापमान आणि विद्राव्यता यांचं नातं शिकायला विद्यार्थ्यांनी ते जरूर पाहावं.

अर्क काढणं आणि विश्लेषण करणं यांत गल्लत होते, म्हणून एक खुलासा. सुपरक्रिटिकल एक्स्ट्रॅक्शनमध्ये कार्बन डायऑक्साइड वनस्पतीच्या भुकटीतून जातो आणि तेल, सुगंध, रेझिन ओढून बाहेर आणतो. एसएफसीमध्ये अर्क आधीच तयार असतो. त्याचा एक-दोन मायक्रोलिटर थेंब स्तंभात, म्हणजे कॉलममध्ये सोडतात आणि घटक एकामागून एक बाहेर पडताना डिटेक्टर त्यांची नोंद करतो. पहिल्याचा निकाल बाटलीत जमा होतो, दुसऱ्याचा कागदावर शिखरांच्या रूपात, म्हणजे क्रोमॅटोग्राम म्हणून.

आता आपल्या भागातल्या कोणत्या वनस्पतीला हे तंत्र लावावं? शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा स्वभाव हेक्झेनच्या जवळचा, तेलकट पदार्थांकडे ओढा असलेला. म्हणून करंजाच्या बियांतलं करंजिन आणि पोंगॅमॉल, मोहाच्या बियांची चरबी, हळदीतलं कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं, आल्यातलं जिंजेरॉल, पानांतले कॅरोटिनॉइड, कोंड्यातलं ओरायझॅनॉल आणि टोकोफेरॉल यांचं इथे चांगलं जमतं. कुड्याच्या सालीतल्या कोनेसीनसारखी अल्कलॉइडंही जमतात, पण त्यांच्यासाठी मिथेनॉलमध्ये थोडा अमोनिया किंवा एखादं अमाइन मिसळावं लागतं, नाहीतर शिखराला लांब शेपूट फुटतं. कोनेसीन अतिनील प्रकाश फारसा शोषत नाही, म्हणून त्याला बाष्पीभवनी प्रकाशविकिरण डिटेक्टर किंवा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, हेही आधीच विचारून ठेवा. हिरड्यातली टॅनिनं, गुळवेलीतली ग्लायकोसाइडं आणि शतावरीतली सॅपोनिनं यांचं मात्र पाण्याशी जवळचं नातं. मिथेनॉलचं प्रमाण वाढवून आणि त्यात चमचाभर पाणी घालून त्यांनाही या वाटेने नेलेलं आहे, पण पहिल्या प्रकल्पाला मी तो हट्ट धरू नका असंच सांगेन. हिरड्यासाठी नेहमीची एचपीएलसी, म्हणजे द्रव वाहक वापरणारी क्रोमॅटोग्राफी बरी. तंत्र नवं आहे म्हणून ते प्रत्येक पाल्यावर चालवून पाहायची हौस मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे आणि तिच्यापायी चांगल्या मुलांचे सहा-सहा महिने वाया गेलेले पाहिले आहेत.

रानातून नमुना आणणार असाल तर त्याची ओळख पक्की करून घ्या. पांढरा कुडा आणि काळा कुडा ही दोन वेगळ्या वंशांतली झाडं आहेत. त्यांची साल आणि बिया बाजारात एकमेकांत मिसळतात आणि नावांचा घोळ गावागणिक बदलतो. फुलं किंवा शेंगा असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा. तारीख, जागा, गोळा करणाऱ्याचं नाव आणि ठाकर किंवा कातकरी जाणकाराने सांगितलेलं स्थानिक नाव असं सगळं चिठ्ठीवर लिहा आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये किंवा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात तज्ज्ञांना दाखवा. शेलूहून गाडीत बसलात की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून झेवियर्स चालत गाठता येतं. शोध धंद्याच्या दिशेने जाणार असेल, तर २००२चा जैवविविधता कायदा आणि त्यातली २०२३ची दुरुस्ती वाचा. गावच्या जैवविविधता समितीला आणि नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला विचारल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नका. ज्या माणसाने झाड दाखवलं त्याचं नाव, त्याची संमती घेऊन, अहवालात यायला हवं. हे मी कायद्यापायी म्हणत नाही, ते त्याचं देणं आहे म्हणून म्हणतो.

ओळखीला किती वजन असतं, हे नरक्याच्या कथेतून कळतं. सह्याद्रीत वाढणारं, दुर्गंधी फुलांचं हे लहानसं झाड. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत काम करत होते. त्या दोघांच्या प्रयोगशाळेने १९६६मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी अल्कलॉइड शोधून काढलं. १९७२मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच संयुग आपल्या नरक्यात असल्याचं प्रसिद्ध केलं. त्यानंतर सह्याद्रीतल्या नरक्यावर कुऱ्हाडी पडल्या, चोरटी तोड झाली. विश्लेषणाचा एक आकडा डोंगरावर काय करू शकतो, हे आपण इथे पाहिलेलं आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी साल आणि मुळं मागण्याआधी पानं, बिया, गळून पडलेली फळं किंवा शेतातला टाकाऊ माल यांचा विचार करावा. कोंडा निवडण्यामागे माझं हेही एक कारण आहे.

तर आता कोंड्याचं काम. भात गिरणीत गेलं की तूस निघतं, मग तांदळाच्या अंगचा कोंडा निघतो. जुन्या हलर गिरणीत दोन्ही एकाच वेळी निघतात, त्यामुळे ‘कोंडा’ म्हणून जे पोतं मिळतं त्यात निम्म्याहून जास्त तूसच असू शकतं. तुसाला तेल नाही. तुमचा आकडा कमी येईल आणि तुम्ही जातीला दोष द्याल. म्हणून शक्यतो तूस आणि कोंडा वेगळा काढणाऱ्या गिरणीतला नमुना घ्या. हलरचाच असेल तर बारीक चाळणीने चाळा आणि चाळणीचा आकार वहीत लिहा.

कोंड्याचा खरा शत्रू वेळ. तांदळाच्या दाण्यात तेल एका जागी आणि तेल फोडणारं लायपेज हे विकर दुसऱ्या जागी नांदत असतं. गिरणीत दाणा घासला गेला की दोघांची गाठ पडते आणि काही तासांतच मुक्त मेदाम्लं वाढू लागतात. दुसऱ्या दिवशी कोंड्याला खवट वास येतो तो यामुळे. ही मेदाम्लं क्रोमॅटोग्रामच्या सुरुवातीच्या भागात गर्दी करतात आणि पुढे ऑक्सिडेशनही ओढवून आणतात. तेव्हा गिरणीत स्वतः उभं राहा, घड्याळ पाहून वेळ लिहा, कोंडा पातळ थरात हवाबंद पिशवीत भरा आणि बर्फाच्या डब्यात ठेवा. घरी फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर तो ठेवता येतो. शीतसाखळी जमत नसेल तर कोंड्याला वाफ देऊन लगेच वाळवा म्हणजे विकर निकामी होतं. पण मग सगळे नमुने त्याच रीतीने वाफवलेले हवेत. एक गोठवलेला आणि एक वाफवलेला अशी तुलना कराल तर जातीतला फरक मोजताय की स्वयंपाकातला, हे तुमचं तुम्हालाच सांगता येणार नाही.

अर्कासाठी २ ग्रॅम कोंडा अचूक तोला. ओलाव्यासाठी वेगळा भाग वाळवून वजन घ्या म्हणजे आकडा कोरड्या वजनावर मांडता येईल. हेक्झेनमध्ये ढवळून किंवा सॉक्सलेटमध्ये अर्क काढा, गाळा आणि ५० मिलिलिटरच्या मापक चंबूत खुणेपर्यंत भरा. हेक्झेन भडकणारा आहे. गॅसची शेगडी, उघडा हीटर, चुकूनही पेटती उदबत्ती नको. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी काढलेला अर्क वेगळा तपासा. तिसऱ्यात काही सापडत नसेल तरच पहिल्या दोनांत सगळं आलं असं म्हणता येईल.

इथे एसएफसीचा मोठा दिलासा आहे. नेहमीच्या उलट-प्रावस्थेच्या एचपीएलसीमध्ये पाणी आणि मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल वाहत असतं, त्यात हेक्झेनमधलं तेल टोचणं म्हणजे पाण्यात फोडणी टाकणं. तेल आधी दुसऱ्या विद्रावकात न्यावं लागतं, कधी साबणीकरण करावं लागतं आणि प्रत्येक पायरीला थोडं हरवतं. एसएफसीत हेक्झेनचा अर्क ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून जवळजवळ जसाच्या तसा टोचता येतो, कारण वाहणारा कार्बन डायऑक्साइड त्याच्याच कुळातला आहे. वाहक पातळ आहे, घटक त्यातून झपाट्याने पसरतात, म्हणून प्रवाह वाढवला तरी शिखरं फुगत नाहीत आणि बरेच नमुने पाच-दहा मिनिटांत उरकतात.

मात्र याचीच उलटी बाजू मला महागात पडली होती. एका प्रयोगशाळेत सुरुवातीच्या दिवसांत मी नमुना सवयीने मिथेनॉलमध्ये केला आणि दहा मायक्रोलिटर टोचला. प्रत्येक शिखर दुभंगून आलं. मी त्यांना दोन-दोन वेगळी संयुगं समजलो, त्यांची नावं शोधत आठवडा घालवला. शेवटी तोच नमुना हेक्झेनमध्ये करून एक मायक्रोलिटर टोचला तेव्हा जुळी शिखरं एक झाली. स्तंभाच्या तोंडाशी मिथेनॉलचा गोळा जाऊन नमुना दोन भागांत फाटत होता, एवढंच ते होतं. तेव्हा शिखर दुभंगलेलं किंवा पुढे झुकलेलं दिसलं की नवं संयुग सापडलं म्हणून हुरळू नका. आधी टोचण अर्धी करा आणि विद्रावक बदला.

स्तंभाची निवड करताना प्रश्न काय आहे, ते आधी लिहा. ‘या कोंड्यात एकूण ओरायझॅनॉल किती?’ एवढंच हवं असेल तर डायॉल किंवा २-एथिलपिरिडीन अशा ध्रुवीय स्तंभापासून सुरुवात करा. त्यावर ट्रायग्लिसराइडं लवकर निघून जातात आणि फेरुलेटं मागून गटाने येतात. ‘त्यांतला कोण किती?’ असं विचारायचं असेल तर सी-१८ जातीचा स्तंभ घ्या. तो स्टेरॉल भागातल्या बारीक फरकावरून भावंडं वेगळी काढायला मदत करतो. सुरुवात ३ मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर लांब स्तंभावर, ४० अंश तापमान, मिनिटाला दीड-दोन मिलिलिटर प्रवाह, मिथेनॉल २ टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत हळूहळू वाढवत आणि बॅक प्रेशर, म्हणजे स्तंभाच्या पुढे राखलेला दाब, १५० बार अशी करून पाहा. या आकड्यांना पाटीवर कोरून ठेवू नका. ते दार ठोठावण्यापुरते आहेत. डिटेक्टर ३२० नॅनोमीटरच्या आसपास लावला की ट्रायग्लिसराइडं अदृश्य राहतात आणि फेरुलेटं उठून दिसतात. टोकोफेरॉलही पाहायचं असेल तर २९५ला दुसरी वाहिनी चालू ठेवा.

बॅक प्रेशर रेग्युलेटर हा एसएफसीचा प्राण आहे आणि नवशिके त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात. द्रवाच्या क्रोमॅटोग्राफीत दाब किती आहे याने फारसं बिघडत नाही. इथे दाब म्हणजेच विरघळवण्याची ताकद. ४० अंशांवर शुद्ध कार्बन डायऑक्साइडची घनता ८० बारला लिटरमागे सुमारे २८० ग्रॅम असते, १०० बारला सुमारे ६३० आणि १५० बारला सुमारे ७८०. म्हणजे ८० ते १०० या वीस बारांत घनता दुपटीहून जास्त उडी घेते आणि पुढच्या पन्नास बारांत जेमतेम पाव वाढते. त्या उताराच्या टोकावर काम कराल तर एसीचा झोत बदलला तरी शिखर जागचं हलेल. १२०-१५० बारच्या पठारावर राहा, सुखी राहाल. मिथेनॉल मिसळल्यावर मिश्रणाचा क्रांतिक बिंदू वर सरकतो आणि वाहक बऱ्याचदा काटेकोर अर्थाने सुपरक्रिटिकल उरतही नाही. परीक्षेत हे विचारलं तर सांगा. कामात त्याने बाधा येत नाही, दोन प्रावस्था वेगळ्या न पडणं एवढंच महत्त्वाचं. रेग्युलेटरच्या पुढे वायू एकदम फुगतो आणि गारठतो, कोरडा बर्फ जमू शकतो, म्हणून तो भाग ६० अंशांपर्यंत गरम ठेवतात. बेसलाइन दातेरी दिसू लागली की डिटेक्टरचा दिवा बदलण्याआधी रेग्युलेटर तपासा.

आता पुन्हा त्या सिलिंडराकडे येऊ. पंपाला कार्बन डायऑक्साइड द्रव रूपात लागतो, म्हणून पंपाचं डोकं ४-५ अंशांवर थंड ठेवलेलं असतं. सिलिंडर तळापर्यंत नळी असलेला, म्हणजे डिप ट्यूबचा मागवा. नाहीतर वरचा वायू येईल आणि पंप कोरडा धडधडेल. शुद्धता ९९.९९ टक्क्यांपेक्षा कमी नको. वेल्डिंगच्या सिलिंडरातलं तेल डिटेक्टरवर भुतासारखं दिसतं. आणि उन्हाळ्यात तो पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. पारा चाळिशीला गेला की पूर्ण भरलेल्या सिलिंडरात दाब १०० बारच्या घरात जातो. आत द्रव-वायूची रेघच पुसलेली असते, पंपाचा शीतक पुरा पडत नाही आणि प्रवाह दुपारी एक, संध्याकाळी दुसराच. मे महिन्यात सकाळचे आणि दुपारचे निकाल जुळत नाहीत अशी तक्रार कोणी केली, तर माझा पहिला प्रश्न सिलिंडर कुठे आहे हाच असतो. त्याला २५ अंशांच्या खोलीत, सावलीत, साखळीने भिंतीशी बांधून ठेवा. मिनिटाला २ मिलिलिटरने तासाला शंभर-सव्वाशे ग्रॅम वायू जातो, म्हणजे ३० किलोचा सिलिंडर अनेक दिवस पुरतो. तो संपत आला की प्रवाह आधी कुजबुजतो, मग बंद पडतो. नमुन्यांची रांग लावण्याआधी वजन पाहा.

या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. आठ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा ५००० पीपीएम मानली जाते. यंत्रातून बाहेर पडणारा वायू नळीने खिडकीबाहेर सोडा आणि भिंतीवर मोजयंत्र लावा. बंद एसी खोलीत सिलिंडर ठेवून दार लावून बसू नका. वीज गेली तर घाईने जोड सैल करायला जाऊ नका, दाब आपोआप उतरू द्या. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जातेच, तेव्हा यूपीएसचा खर्च यंत्राच्या खर्चातच धरा.

मोजणीचं गणित साधं आहे, फक्त ते मनात करू नका. समजा, प्रमाण ओरायझॅनॉलच्या पाच-सहा द्रावणांवरून आलेल्या रेषेवर तुमच्या अर्काचा आकडा मिलिलिटरला ०.१० मिलिग्रॅम आला. ५० मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम झाले, ते २ ग्रॅम कोंड्यातून आले, म्हणजे ग्रॅमला २.५ मिलिग्रॅम. कोंड्यात तेल १६ टक्के निघालं असेल तर तेलात ओरायझॅनॉल सुमारे १.५६ टक्के. हा आकडा १ ते २ टक्क्यांच्या नेहमीच्या पट्ट्यात बसतो, म्हणून विश्वास ठेवायला हरकत नाही. आकडा ८ टक्के आला तर मात्र आनंद मानण्याआधी मापक चंबू तपासा. प्रमाण म्हणून घेतलेलं ओरायझॅनॉलही मिश्रणच असतं, तेव्हा फेरुलेटांच्या सगळ्या शिखरांचं क्षेत्रफळ एकत्र धरा आणि बाटलीवरच्या शुद्धतेने गुणा. एका नमुन्यात माहीत असलेलं ओरायझॅनॉल मुद्दाम घालून ते किती परत मिळतं, तेही पाहा. ९५ ते १०५ टक्के मिळालं तर छान. ७० मिळालं तर अर्काची पायरी चुकते आहे, यंत्राकडे बोट दाखवू नका. तोच नमुना सहा वेळा टोचा. सहा आकड्यांत फरक एक-दोन टक्क्यांच्या वर जात असेल तर तो आधी मिटवा, मग जातींची तुलना करा.

बचत गटातल्या ताईंना आणि शेतकरी दादांना एक स्पष्ट सांगतो. फक्त ‘एकूण ओरायझॅनॉल किती’ एवढंच व्यापाऱ्याला हवं असेल तर एसएफसीची गरज नाही. तेल हेप्टेनमध्ये विरघळवून ३१५ नॅनोमीटरच्या आसपास साध्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येतं, आणि ते यंत्र बहुतेक फार्मसी कॉलेजांत असतं. घटक वेगळे हवेत, तेलात भेसळ आहे का पाहायचं आहे, किंवा रोज पन्नास नमुने काढायचे आहेत, तेव्हा एसएफसी आपला खर्च भरून काढते. नमुना पाठवण्याआधी प्रयोगशाळेला हे विचारा: तुमच्याकडे कोणते स्तंभ आहेत? हेक्झेनमधला नमुना घ्याल का? डिटेक्टर कोणता? कच्चा क्रोमॅटोग्राम द्याल की फक्त आकडा? शेवटच्या प्रश्नाला ‘फक्त आकडा’ असं उत्तर आलं तर दुसरी प्रयोगशाळा शोधा. शिखरं न दाखवता दिलेला आकडा पुढच्या वर्षी कशाशीच ताडून पाहता येत नाही.

अहवालात भाताची जात, खाचराचं गाव, कापणीची तारीख, गिरणीचा प्रकार, कोंडा पडल्याची आणि गोठवल्याची वेळ, चाळणी, ओलावा, अर्काचं विद्रावक, स्तंभाचं नाव आणि वय, मिथेनॉलचा चढ, बॅक प्रेशर, खोलीचं तापमान अशा सगळ्या नोंदी हव्यात. खोलीचं तापमान लिहायला कोणी सांगत नाही. शेलूत तुम्ही ते लिहाच.

कापणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, मळणी उरकून भात गिरणीत येईतो हवेत गारवा आलेला असतो आणि सकाळी तरी पारा ३१च्या खूप खाली असतो. गिरणीवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा. तो दिवस सांगेल त्या सकाळी बर्फाचा डबा, तीन हवाबंद पिशव्या, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन पात्याच्या तोंडाशी उभे राहा आणि पहिली दोन पायली भात जाऊ द्या. आदल्या माणसाचा कोंडा तोवर निघून गेलेला असेल.